निजामचे अकरा स्वार

"यास्ले डोया देऊ नको, ताई. डोया दिधात ना, ते उद्या जीव मांगतीन."

डोळे देऊ नको म्हणणारा निजामचा हा आवाज पाच वर्षं झाली, कानातून जात नाही.

मी रोज देवापुढे दिवा लावणारी बाई आहे. त्या दिव्यासमोर बसून लिहिते आहे. यातलं एक अक्षर खोटं नाही.

साल १९६४. गाव नंदुरबार. चैत्रातली एकादशी, भर दुपार.

रात्र नव्हती... लख्ख ऊन होतं.

माझे वडील पितांबर, आमचे आबा, गणपतीच्या मूर्ती रंगवायचे. धाकटा भाऊ चुडामण त्यांच्या हाताखाली तयार झाला. त्याचा जिवाचा मित्र निजाम बैलगाड्या आणि टांगे रंगवायचा. दोघांना एकच वेड. तापीकाठच्या मातीची बोटभर उंचीची फौज करायची, खारीच्या केसांच्या कुंचल्याने रंगवायची आणि चौरंगावर खडूने घरं आखून, फासे टाकून लढवायची.

चुडामणचे अकरा राक्षस. निजामचे वाघावर बसलेले अकरा स्वार. वाघाच्या अंगावरचा पट्टान् पट्टा वेगळा.

"तुन्हा राक्षस शेतस का रनाळाना बाजारना बैल?" निजाम हसायचा.

"तुन्हा वाघ ते मांजरी शेतस! दूध पाज त्यास्ले," चुडामण म्हणायचा.

मी चहा घेऊन उभी. दोघांचं लक्षच नसायचं.

पण निजाम कधीच डोळे काढत नसे. त्याच्या घरची शिकवण होती. जीव घालता येत नाही, तर डोळे द्यायचे नाहीत. त्याच्या शब्दाखातर चुडामणनेही आपले राक्षस आंधळेच ठेवले.

त्या माघात निजाम तापाने गेला.

चाळिसाव्यानंतर त्याची आई, हाजराचाची, स्वार घेऊन आली. "ठेव बेटा. पण आहेत तसेच राहू दे."

चुडामणने ते देवघरावरच्या कोनाड्यात मांडले. राक्षस खाटेखालच्या पेटीत गेले. खेळ संपला होता.

रोज दिवा लावताना मला ती अकरा कोरी तोंडं दिसायची.

आमच्या घरची रीत वेगळी. डोळे सगळ्यात शेवटी, अंघोळ करून, उपाशीपोटी द्यायचे. आणि बिनडोळ्यांची मूर्ती देवाजवळ ठेवायची नाही. मला वाटलं, पोराचं काम अपुरं राहिलं, म्हणून त्याचा जीव घुटमळत असेल. पुण्य लागेल...

एकादशीचा उपास होता. अंघोळ झाली होती. घरात सगळे निजलेले.

आबांचा बारीक कुंचला घेतला. काजळ घेतलं.

अकरा स्वार. बावीस डोळे. वाघांना नाही दिले, माणसांनाच दिले.

शेवटचा ठिपका टेकला... आणि अंगणातल्या चिमण्या गप्प झाल्या.

एकदम.

कुंचला धुवायला मी मोरीत गेले. मागून आवाज आला.

टक...

मातीचं पाऊल लाकडावर पडावं तसा.

टक... टक...

परत आले तर कोनाडा रिकामा. अकराच्या अकरा स्वार चौरंगावर रांगेत उभे. समोर राक्षस मांडलेले.

"चुडामण, हे तू मांडलेस रे?"

तो डोळे चोळत उठला. "मी? माले वाटनं तू मांडात."

तेवढ्यात त्याला स्वारांचे डोळे दिसले. तो तिथेच, खाटेवर बसून राहिला. खाट चौरंगासमोरच, राक्षसांच्या बाजूला होती.

दुसऱ्या दुपारी पहिला राक्षस आडवा पडला. कोणी हात लावला नव्हता.

त्याच दुपारी चुडामणला ताप भरला.

मी ओल्या फडक्याने स्वारांचे डोळे पुसले. सकाळी ते परत होते... ओले. पेटीत घालून कुलूप लावलं. दुपारी चौरंगावर. खाट दुसऱ्या खोलीत नेली, तरी राक्षस पडतच राहिले. दिवसाला एक.

हाजराचाची आली. चौरंगाकडे बघून दारातच थबकली.

"कुणी दिले?"

"मी." ती चुडामणच्या खोलीकडे बघू लागली.

"मग चाची, जीव माझ्याकडे मागू देत ना! त्याच्याकडे का?"

"देणाऱ्याकडे नाही मागत, बेटी," ती हळूच म्हणाली. "समोर जो बसतो, त्याच्याकडे मागतात."

डॉक्टर झाले. महादेवाला अभिषेक झाला. मी पाणीसुद्धा सोडलं.

दहाव्या दिवशी दहावा राक्षस पडला. चुडामणने माझा हात धरला. हात नुसता हाडांचा.

"ताई, डाव अर्धा ऱ्हाई जाई. मन्हा एक अजून उभा शे. मी नही ऱ्हायनू, ते मन्हा जागावर तू बसजो. वचन दे."

मी दिलं.

अकराव्या दिवशी, दुपार व्हायच्या आधीच तो गेला. शेवटचा राक्षस उभाच होता.

आणि मी बसले नाही.

भ्याले. दोन्ही फौजा फडक्यात बांधून तापीच्या डोहात सोडून आले. देव क्षमा करील, असं मनाशी म्हणाले. पाच वर्षं दिव्याचा नेम चुकवला नाही.

काल पुन्हा चैत्रातली एकादशी होती. दिवा लावत होते.

चिमण्या गप्प झाल्या.

टक...

चौरंगावर अकरा स्वार. अंगावर नदीचा गाळ, डोळे मात्र स्वच्छ. समोर एकच राक्षस.

आणि राक्षसाच्या मागे आबा. म्हातारपणाने त्यांना आता नीट दिसत नाही. वारा येतो म्हणून ते चुडामणचा पाट ओढून तिथेच बसले होते. राक्षसाला बोटांनी चाचपत होते.

"तुळशी, हाई आठे कोनी मांडं व?"

मी त्यांना उठवलं. पण ते बसून चुकले होते.

आज सकाळी आबांनी चहा घेतला नाही. अंग तापलंय. राक्षस अजून उभा आहे... पण एका बाजूला कलला आहे.

हे असं का, मला सांगता येत नाही. देवालाही विचारून झालं. दिवा जळतो आहे, बाकी काही नाही.

दुपार होत आली.

आबांच्या तोंडात तुळशीचं पाणी घातलं. हाजराचाचीला निरोप पाठवलाय, संध्याकाळी आबांकडे बघायला या म्हणून. पदर खोचला. फासे पेटीतून काढले.

चुडामणचा पाट चौरंगासमोर सरळ केला.

चिमण्या गप्प झाल्यात.

मी बसते.