बॅरेंटच्या तीन खाचा

पहिली घडी

‘हिल्टये, ओढ्यापासून माझ्या ओकपर्यंतची जमीन तुझी.’

टॉबियास क्विकने एकवीस वर्षांपूर्वीचं ते पत्र एवढंच उलगडलं. हरवलेल्या हद्दी शोधणं हा त्याचा धंदा. पत्र लिहिणारा जमीनदार बॅरेंट व्हॅन्डरहूफ गेल्या हिवाळ्यात वारला, आणि त्याचा न्यूयॉर्कचा पुतण्या एव्हर्ट म्हणू लागला, की ते ओकचं झाड ओढ्याला लागूनच आहे. तसं ठरलं तर विधवा हिल्टयेचं घर आणि नासपतीची बाग त्याची होणार होती. दुपारी न्यायाधीश हद्द कायम करायला येणार होते.

हिल्टये धुणं वाळत घालत होती. दोरी नासपतीच्या बुंध्यातल्या आकड्याला बांधलेली. आकडा लग्नाच्या वर्षी नवऱ्याने ठोकला, ती म्हणाली. रोप तेव्हा मनगटाएवढं होतं, पण हात अजून तिथंच जातो.

“आणि ओक, मावशी?”

“मला बागेमागचा वाटतो रे. पण त्यावर खाचा नाहीत, नुसत्या गाठी. म्हातारी झाले, चुकतही असेन.”

दुसरी घडी

‘त्यावर मी जमिनीवर उभा राहून, छातीशी, तीन खाचा पाडल्या आहेत.’

एव्हर्ट घोड्यावरून उतरला नाही. ओढ्याकाठच्या ओकवर त्याने चाबकाने तीन खाचा दाखवल्या, शेवाळाने भरलेल्या. क्विकसोबत आलेले शाळामास्तर योरिस टाचा उंचावूनही तिथवर पोहोचेनात.

“बॅरेंट तर माझ्याहून बुटका होता,” मास्तर पुटपुटले.

“झाड वाढलं, मास्तर. खाचाही वर गेल्या. तुमच्या शाळेत एवढंही शिकवत नाहीत?”

मास्तर ओशाळले. त्यांना ते पटलंही.

क्विकने दगडावर चढून शेवाळ नखाने उचकटलं. आत काठ धारदार होते. एव्हर्टने कधी शेती केली आहे का, एवढंच त्याने विचारलं. आपली गोदामं आहेत, चिखल नोकर तुडवतात, असं उत्तर आलं.

मास्तरांचा संशय लाकूडतोड्या यानवर गेला, कारण गावात शिडी त्याच्याकडेच. यान खाचांकडे बघून हसला. त्याने शिडीवरून पाडल्या असत्या तर आडव्या, सरळ पाडल्या असत्या. या तिरप्या, बसल्या बसल्या हाणलेल्या.

क्विक धावतच बागेमागे निघाला. “यान, कुऱ्हाड घे!”

तिसरी घडी

‘माणसं विसरतील, म्हणून झाडाला सांगून ठेवलं.’

न्यायाधीश आले तेव्हा सगळे बागेमागच्या ओकखाली उभे होते. त्याच्या बुंध्यावर, छातीच्या उंचीवर, सालीला तीन लांबट गाठी.

“झाड शेंड्याकडे वाढतं,” क्विक म्हणाला. “बुंध्यावरची खूण जिथल्या तिथं राहते. मावशींचा आकडा बघा. मास्तर, तुम्ही रोज त्या दोरीखालून वाकून जाता.”

मास्तरांनी कपाळावर हात मारला.

“हे ठाऊक नसलेला माणूस खोटी खाच जुनी दिसावी म्हणून उंच पाडतो. ओढ्यावरच्या खाचा खोगिरावर बसलेल्या माणसाच्या उंचीवर आहेत, आणि तिरप्या. जुन्या जखमेचे काठ झाड गोल वळवून मिटवतं. ओढ्यावरच्या खाचांचे काठ मात्र धारदार आहेत. शेवाळ वरून कोंबलेलं.”

एव्हर्टने लगाम ओढला. “मग खऱ्या खाचा कुठं आहेत?”

“झाडाने गिळल्या. यान, मधल्या गाठीच्या कडेने, जपून.”

कुऱ्हाड बसली. यानने लाकडाचा ठोकळा अलगद उचकटला. आत काळी पडलेली, नीट कापलेली खाच होती. तिच्यावर दर वर्षाला एक अशी चढलेली लाकडाची वलयं न्यायाधीशांनी स्वतः बोट ठेवून मोजली, मग पुन्हा मोजली.

एकवीस.

एव्हर्टचा घोडा वळला, पण यान वाटेत उभा होता.

हिल्टयेने त्या खाचेत बोट घातलं. बराच वेळ ते तिथंच राहिलं.

“म्हणजे मी चुकत नव्हते,” ती म्हणाली, आणि वाळलेलं धुणं काढायला आपल्या बागेत गेली.