उणे चारशे बारा

मिरजेच्या कणमापन प्रयोगशाळेत डॉ. हेमलता शिंगरे यांच्या टेबलावर सकाळपासून एकच कागद पडून होता. 'निर्मळ' या बालदुधात प्लास्टिकचे सूक्ष्मकण शून्य आहेत, असं त्यावर छापलेलं होतं. खाली फक्त बाईंची सही हवी होती. सही झाली की २०५८ पासून पुढची पाच वर्षं राज्यातल्या प्रत्येक नवजात कक्षात, दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना हेच दूध. आणि वर्षभर हेच दूध पिणाऱ्या लातूरच्या बाळांची आतडी सुजत होती.

"यंत्र शून्य म्हणतंय. आणखी काय हवंय तुम्हाला?" संचालक भडकमकरांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"शून्य कशाच्या मानानं, ते हवंय," बाई म्हणाल्या. त्यांनी एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी हो होत नसे, हे सगळ्या प्रयोगशाळेला पाठ होतं.

यंत्रतज्ज्ञ इरफान मुजावर घसा खाकरून म्हणाला, "साहेब, कणमापक कण मोजतच नाही. तो शून्यजलाची आणि नमुन्याची तुलना करतो आणि वजाबाकी सांगतो. शून्यजल राजधानीतून सीलबंद येतं. जगातलं सगळ्यात स्वच्छ पाणी."

"गाळतात कशातून ते?" बाईंनी विचारलं.

"सूक्ष्मपटलातून."

"आणि पटल कशाचं असतं?"

इरफाननं कपाळावर हात मारला. पटल प्लास्टिकचं होतं.

"मग प्लास्टिक घरोघरी येण्याआधीचं काहीतरी शोधून आणा," भडकमकर हसत म्हणाले.

"आणलंय."

बाईंनी चिनी मातीची एक बरणी टेबलावर ठेवली. सांगलीच्या वैद्य आठल्यांच्या घरात दर पिढीत अशी एक बरणी तुपानं भरून, तोंड लाखेनं बंद करून ठेवायची रीत होती. जुनं तूप औषधाचं, आणि जितकं जुनं तितकं मोलाचं. ही बरणी १९३४ सालची. ती देताना रमाकाकू आठल्ये म्हणाल्या होत्या, "हवं तेवढं घ्या बाई, पण जे निघेल ते खरं सांगा."

भडकमकरांच्या देखत लाख फोडली. काचेच्या भांड्यात, चांदीच्या चमच्यानं, सुती कपडे घालून इरफाननं नमुना तयार केला. यंत्र थोडा वेळ घुमलं. इरफाननं पडद्याकडे बघितलं आणि नोंदपत्रकात शून्य लिहिलं.

"अरे, काय लिहिलंस?" बाईंनी त्याचा हातच धरला. पडद्यावर आकडा होता, लिटरमागे उणे चारशे बारा.

"उणे आलं की शून्यच लिहितो आपण, मॅडम. कण उणे कसे असतील? यंत्राची चूक धरायची. बावीस वर्षांची पद्धत आहे."

"शून्यजलातच चारशे बारा कण असतील, तर?"

इरफाननं यंत्राची जुनी स्मृती उघडली आणि उणे आलेले नमुने शोधू लागला. फार शोधावं लागलं नाही. गेल्याच वर्षी तपासलेलं आयांचं दूध होतं, सरासरी उणे दोनशे नव्वद. नोंदपत्रकात त्यापुढे त्याच्याच अक्षरात शून्य लिहिलेलं होतं.

बाईंच्या अंगाची लाही लाही झाली. "म्हणजे तुपात एकही कण नाही, आईच्या दुधात एकशे बावीस, आणि यंत्र नेमकं शून्य दाखवतं त्या 'निर्मळ'च्या पावडरीच्या दुधात चारशे बारा. आपण दोन्हीपुढे शून्य लिहिलं. मग दवाखान्यांनी सोयीचं ते घेतलं, त्यांचं काय चुकलं? चुकलं आपलं!"

भडकमकर मात्र कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "नियम वाचा. शून्यजलापासून पन्नासपेक्षा जास्त फरक पडला, की पदार्थ भेसळयुक्त. तुमचं तूप नापास. आणि नापास पदार्थ पुरावा म्हणून चालत नाही. संपला विषय."

"अगदी बरोबर," बाई म्हणाल्या. "आत्ताच नापास करते."

त्यांनी तुपाचा अहवाल पुढे ओढला. शेरा लिहिला, भेसळयुक्त. कारणाच्या रकान्यात लिहिलं, शून्यजलापेक्षा कण चारशे बारांनी कमी. मग सही ठोकली आणि अहवाल पाठवायची कळ दाबली.

"थांबा!" भडकमकर खुर्चीतून उठले. नियमाचं पुढचं वाक्य त्यांना आत्ता आठवलं होतं. नापास पदार्थाचा इशारा, कारणासकट, त्याच क्षणी देशातल्या प्रत्येक प्रयोगशाळेला आणि दवाखान्याला जात असे. तो परत घ्यायचा अधिकार कोणालाच नव्हता.

"तुमची नोकरी जाईल, बाई!"

"जाऊ द्या. खोट्या शून्याखाली माझं नाव जाणार नाही."

पाचच मिनिटांत फोन वाजला. लातूरच्या नवजात कक्षातल्या डॉ. निवेदिता पांढरपट्टे बोलत होत्या. "मॅडम, हा काय प्रकार आहे? प्लास्टिक कमी निघालं म्हणून तूप नापास? मग आमच्या बाळांच्या शून्यकण दुधात आहे तरी किती?"

"चारशे बारा. आईच्या दुधात एकशे बावीस."

पलीकडून निवेदिताबाईंचा चढलेला आवाज आला, पण तो बाईंसाठी नव्हता.

"सिस्टर, बाटल्या काढून घ्या सगळ्या! आणि बाहेर बसलेल्या आयांना आत बोलवा."