गालातल्या गाठी

त्या दोघी बहिणींचं चष्म्याचं दुकान माझ्या दवाखान्याच्या समोरच आहे. थोरली डोळे तपासते, धाकटी काउंटरवर फ्रेम दाखवते. दुकानात जिकडे पाहावं तिकडे आरसे.

थोरली पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हा हसत म्हणाली, "डॉक्टर, गिऱ्हाईक नंबर काढायला माझ्याकडे येतं आणि चेहरा बघायला हिच्याकडे जातं." मग तिनं मोबाइलमधला धाकटीचा फोटो पुढे केला. तिला तसेच भरलेले गाल हवे होते.

मी दोन्ही गालांत फिलरचं जेल भरलं. काम छान झालं होतं. काही महिने ती खूश होती.

मग गाठी आल्या. लालसर, टणक, हनुवटीकडे ओघळल्यासारख्या. मी तिला समजावलं, शरीर कधीकधी उशिरा जागं होतं, आत भरलेलं परकं आहे हे ओळखतं आणि त्याच्याभोवती पेशींचा वेढा घालतं. औषधांनी सूज उतरायची, पुन्हा चढायची. धाकटी आजारी पडून काही दिवस माहेरी आईकडे राहिली, तेवढे दिवस मात्र थोरलीचे गाल शांत होते. हे थोरलीनंच सांगितलं. मी योगायोग म्हणून सोडून दिलं.

पुढच्या खेपेला तिला तपासताना गाठ माझ्या अंगठ्याखाली होती. बाहेर धाकटी तिला न्यायला आली. रिसेप्शनवरची मुलगी तिला म्हणाली, किती गोड दिसता हो तुम्ही. दार उघडंच होतं. अंगठ्याखालची गाठ चिंचोक्यासारखी घट्ट झाली. थोरली छताकडे बघत पडून होती.

मी हात काढून घेतला, धुतला, आणि जेल विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं ठरवलं.

त्या दुपारी ऊन थेट टेबलावर येत होतं. थोरलीला सुईची भीती वाटते म्हणून धाकटी शेजारी स्टुलावर बसली, ताईचा हात हातात घेऊन. बडबड चालली होती तिची, नव्या फ्रेम आल्यात, एक तुला ठेवलीय.

मी उजव्या गालात औषध सोडलं आणि थांबले. एरवी गाठ हळूहळू मऊ पडते. ही जराही हलली नाही.

धाकटी बोलता बोलता अडखळली. तिनं मोकळा हात स्वतःच्या उजव्या गालाला लावला.

"इथे गार लागतंय," ती म्हणाली.

मी वर पाहिलं. तिचा गाल आत गेला होता. कातडी धड होती, ना टोचल्याची खूण, ना वळ. आतलं मांस तेवढं कुणीतरी काढून नेल्यासारखं. दातांची रांग वरून कळत होती.

तिला अजून दुखत नव्हतं. माझा चेहरा पाहून ती घाबरली आणि उठायला गेली. उठता येईना. थोरलीनं तिचा हात धरून ठेवला होता.

मी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली.

थोरलीनं मान वळवून बहिणीकडे नीट पाहिलं. फ्रेम बसतेय का हे पाहावं तसं, सावकाश. मग उशीवर कूस बदलून दुसरी बाजू माझ्याकडे केली.

"डावा राहिलाय, डॉक्टर," ती म्हणाली.