एक्केचाळीस सेकंद

ती टेबलाखाली होती, आणि वर कोणीतरी रिकाम्या खुर्च्यांशी बोलत होतं.

"सन्माननीय लवाद मंडळ… आमच्या पक्षकाराचं म्हणणं असं, की…" मग शांतता. इतकी लांब, की माणूस निघून गेला असावा असं तिला वाटलं. "…की जहाज निघण्याआधीच शीतयंत्र बिघडलेलं होतं."

ती घड्याळाची वायर हातात धरून बाहेर आली. तो दचकून खुर्चीत बसलाच.

"एका वाक्याला एक मिनिट दहा सेकंद," ती म्हणाली. "त्यातले पन्नास सेकंद तुम्ही गप्प होता."

"तुम्ही… मोजत होतात?"

"कामच आहे. आठवडाभर घड्याळ माझ्याकडे आहे."

तो हसला. पण हसण्याआधीही क्षणभर थांबला, हे तिनं पाहिलं.

हंगाम संपून ओस पडलेलं हॉटेल होतं ते. गालिचांना ओलसर वास, खिडक्यांबाहेर धुकं, आणि भर दुपारी लावलेले दिवे. दोन देशांतल्या कंपन्यांचं भांडण झालं की एकीला दुसरीच्या कोर्टाचा भरवसा नसतो. मग दोघी मिळून तीन लवाद निवडतात आणि त्यांच्यापुढे वाद मांडतात. तो कसा मांडायचा, साक्षीदाराला कसं विचारायचं, अडचणीच्या प्रश्नाला कसं तोंड द्यायचं, हे शिकायला चौदा जण आठ दिवसांसाठी तिथे आले होते. ती मात्र मंडळाच्या सचिवाचं काम शिकायला आली होती. त्यात घड्याळ आलं. दोन्ही बाजूंना सारखा वेळ. ज्याची पाळी, त्याचं घड्याळ चालू. बोला नाहीतर गप्प बसा, सेकंद तुमचेच जाणार.

आणि तो तर गप्प बसण्यात पटाईत होता. एका मोठ्या वकिलाच्या ऑफिसात सहा वर्षं तो युक्तिवाद लिहीत होता. उभं राहून ते बोलायचे दुसरेच. "या वेळी तोंड उघडलं नाहीस, तर जन्मभर लिहीतच बस," असं सांगून साहेबांनी त्याला पाठवलं होतं. शेवटच्या दिवशीच्या सराव-सुनावणीत जो सरस ठरेल, त्याला लवाद केंद्रात वर्षभर काम मिळणार होतं. तिसऱ्या दिवसापर्यंत सगळे त्याला 'स्वल्पविराम' म्हणू लागले.

संध्याकाळी लिफ्टशेजारच्या बाकावर ती घड्याळ घेऊन बसायची आणि तो भिंतीला युक्तिवाद ऐकवायचा.

"आज किती?"

"बत्तीस."

"कालपेक्षा कमी!"

"काल तू मधे पाणीही प्यायलास. ते धरलंय." तिनं मान तिरकी केली. "खरं सांग, गप्प असतोस तेव्हा आत काय चाललेलं असतं?"

तो विचारात पडला. "शब्द दारात उभे असतात… आणि एकमेकांना म्हणतात, आधी तू जा."

"भारीच सभ्य आहेत रे तुझे शब्द!"

त्याचे कान लाल झाले. ते बघायला तिला आवडायला लागलं होतं, आणि हे तिला कळतही होतं.

"आवाज वेगळा येतोय तुझा," ताई फोनवर म्हणाली. "कोण आहे?"

"कोणी नाही गं. एक स्वल्पविराम आहे. थांबतो, मग पुढे जातो."

"जात असला तर बरं," ताई म्हणाली.

शेवटच्या दिवशी समोरच्या बाजूला 'तोफ' होती. त्या मुलीला श्वास घ्यायलासुद्धा वेळ लागत नसे. मधल्या खुर्चीत मॅडम बसल्या होत्या. तीस वर्षं लवादाचं काम केलेल्या, सगळ्यांच्या गुरू. तो मात्र त्या दिवशी बरा बोलत होता. बावन्न सेकंद उरले असताना मॅडमनी विचारलं, "यंत्र बिघडल्याचं जहाज कंपनीला कधी कळलं? आणि कोणत्या कागदावरून म्हणता?"

त्याला माहीत होतं. तिलाही माहीत होतं, की त्याला माहीत आहे. पान दोनशे बारा, इंजिनियरची चिठ्ठी. बाकावर बसून दोघांनीच ती शोधली होती.

त्यानं तोंड उघडलं… आणि मिटलं.

एक्कावन्न. पन्नास. तोफ पेनानं टेबलावर ठोकत होती. एकोणपन्नास.

तिनं काही ठरवलं नव्हतं. बोट बटणावर होतं, ते खाली गेलं. आकडा अठ्ठेचाळीसवर उभा राहिला.

आकडे फक्त तिला आणि बोलणाऱ्यालाच दिसत. त्यानं घड्याळाकडे पाहिलं. मग तिच्याकडे. आणि बऱ्याच वेळानं तो बोलू लागला, तसं तिचं बोट पुन्हा खाली गेलं. पान, तारीख, सही… एकही शब्द दारात थांबला नाही. तो खाली बसला तेव्हा नऊ सेकंद शिल्लक होते.

चहानंतर मॅडमनी निकाल सांगितला. जागा त्याची. तोफेनंही टाळ्या वाजवल्या. तो उभा राहिला.

"माझी एक… हरकत आहे."

"स्वतःच्या जिंकण्यावर?" मॅडम हसल्या.

"घड्याळ अठ्ठेचाळीसवर थांबलं होतं. त्यानंतर मी एक्केचाळीस सेकंद गप्प होतो. मोजायची सवय लागलीय मला. म्हणजे उरले असते सात. तेवढ्यात फार तर पान क्रमांक सांगून झाला असता."

"घड्याळ बिघडलं होतं?" मॅडमनी विचारलं.

"तसंच… असेल." तिच्याकडे न बघता तो म्हणाला. इतकं वाईट खोटं तिनं आजवर ऐकलं नव्हतं.

ती उठली. "बिघडलं नव्हतं. मी थांबवलं."

"का?"

चौदा चेहरे तिच्याकडे वळले. तिनं घड्याळ उचलून मॅडमपुढे ठेवलं. मॅडम हळूच म्हणाल्या, "राहू दे. नोंदीत नको ते. पण मुली, वेळ राखणाऱ्याला बाजू नसते."

जागा तोफेला मिळाली. घड्याळ थांबवणारीला प्रमाणपत्र मिळालंच नाही.

बसथांब्यावर धुकं इतकं, की रस्त्याचं दुसरं टोक दिसत नव्हतं. तो तिची बॅग धरून उभा होता.

"राग आला?"

"आला." तो म्हणाला, "सहा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्यासाठी थांबलं. तेही नियम मोडून."

"गप्प बसला असतास तर आज…"

"तेवढंच तर येतं मला. नेमकं आज जमलं नाही."

ती हसली. "आता?"

"सोमवारपासून परत लिहायला बसायचं." त्यानं बॅग दुसऱ्या हातात घेतली. "मला तुला एक…"

बस आली. ती एक पाय पायरीवर ठेवून उभी राहिली. तो उभाच. ओठ हलले, बस्स.

"बाई, चढताय की उतरताय?" ड्रायव्हर ओरडला.

त्याच्या हातून बॅग घेऊन ती चढली. मागच्या काचेतून पाहिलं, तर थांबाही धुक्यात गेला होता.

दोन तासांनी फोन वाजला. त्याचाच. ती "हॅलो" म्हणाली; पलीकडे फक्त श्वास. स्क्रीनवर सेकंद पळत होते. वीस. पस्तीस. एक मिनिट. हे घड्याळ तिला थांबवता येत नव्हतं. तिनं फोन ठेवला नाही.

"त्या एक्केचाळीस सेकंदांत," तो शेवटी म्हणाला, "उत्तर मला पहिल्या दहातच सापडलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझं बोट बटणावर होतं… आणि थरथरत होतं. ते बघत राहिलो."

बाहेर काहीच दिसत नव्हतं. ती काचेला कपाळ टेकून बसली. या वेळी शब्द तिच्याकडे येईनात. सेकंद जात राहिले, आणि पलीकडून कोणी घाई केली नाही.