एवेलियोकाकांची भाची

"रेकॉर्ड द्या."

"आधी पैसे."

"पैसे? ते तर मी सकाळीच दिले!"

काली शहरातल्या त्या बागेत चार वाजताचा डोंगरवारा नुकता सुटला होता. नायिबे काइसेदोने एका हाताने उडणारे केस धरले, दुसऱ्या हाताने रेकॉर्ड छातीशी घट्ट आवळली आणि समोरच्या उंच, सावळ्या माणसाकडे रोखून पाहिलं. चोर इतका देखणा असतो? असतो बहुतेक. त्याशिवाय लोक फसतील कशाला!

"कुणाला दिलेत?" तिने विचारलं.

"तुमच्या मामांना. एवेलियोकाकांना."

"मला मामाच नाही! एवेलियोकाका तुमचे मामा. तुम्ही त्यांचे भाचे. त्यांनीच पाठवलंय ना तुम्हाला?"

"मी...? बाई, मी बुएनाव्हेंतुराहून चार तास बसचे धक्के खात आलोय. भाचा म्हणे!"

आवाज चढले. फळवाल्या बाईने कलिंगड कापता कापता सुरी थांबवली. शेवटी दोघांनी आपापले फोन एकमेकांसमोर धरले आणि एकमेकांचे निरोप वाचले.

नायिबेला आलेला निरोप असा होता: 'माझा भाचा चार वाजता येईल. त्याने वस्तू पाहिली की लगेच पैसे पाठवतो. त्याच्याशी किमतीचं बोलू नका हं, ती त्याला भेट आहे.'

आणि त्याला आलेला असा: 'माझी भाची रेकॉर्ड घेऊन येईल. तिच्याशी पैशाचं बोलू नका. बापाच्या वस्तू विकताना बिचारीचा जीव तुटतो.'

म्हणजे हा एवेलियो तिच्याकडे गिऱ्हाईक झाला होता आणि याच्याकडे विक्रेता. मधल्या मध्ये पैसे गिळून दोघांना एकमेकांच्या अंगावर सोडून मोकळा!

"पण मी रेकॉर्डवर आजच्या तारखेची चिठ्ठी ठेवून फोटो मागितला होता," तो पुटपुटला. "तो आला, म्हणून तर विश्वास बसला. हे अक्षर..."

"माझं. त्याने माझ्याकडे मागितला, तुमच्याकडे ढकलला." तिचा आवाज उतरला. "आणि जीव तुटतो वगैरे... ते खरंय. बाबांच्या रेकॉर्डी आहेत. जो ऐकेल, त्यालाच विकते."

त्याने मान हलवली. "पैसे मी चोराला दिले, तुम्हाला नाही. रेकॉर्ड तुमचीच." आणि तो वळला.

एवढंच? ना भांडण, ना घासाघीस? नायिबेला राहवलं नाही. "अहो, पण... हीच का हवी होती?"

तो थांबला. "तिच्यात मागे कोरसला तीन बायका आहेत. त्यातली एक माझी आई. मी सहा वर्षांचा होतो तेव्हा गेली. तिचा चेहरा आठवतो. आवाज..." पुढचं वाऱ्याने नेलं.

नायिबेने रेकॉर्ड काखेत घेतली. मग म्हणाली, "घर दोन गल्ल्या पलीकडे आहे. सुई नवी आहे. ऐकून तरी जा."

त्याचं नाव एलिएसेर आंगुलो. किनाऱ्याकिनाऱ्याने माल नेणाऱ्या बोटीवर तो इंजिन सांभाळायचा. बारा दिवस पाण्यात, दोन दिवस जमिनीवर. बाबांच्या खुर्चीत तो अगदी कडेला बसला, हात गुडघ्यांत धरून. 'बंदरातले कंदील' नावाचा कधीच मोडलेला तो वाद्यवृंद घरात वाजू लागला. कोरस आला. तीन आवाज, एकमेकांत वेणीसारखे गुंफलेले.

"कुठली?" तिने हळूच विचारलं.

"कळत नाही..." तो म्हणाला. "आईचा आवाज मुलालाच कळत नाही बघा."

तिने पुन्हा लावली. पुन्हा. चौथ्या खेपेला गाण्याच्या अगदी शेवटी, वाद्यं थांबताना, कुणीतरी खुदकन हसलं. ध्वनिमुद्रणात चुकून राहून गेलेलं हसू. एलिएसेर ताडकन उठला.

"ही! माझ्या डोक्यावर पाणी ओतताना अशीच हसायची... ही बघा!"

त्याने तिचा हात केव्हा धरला ते त्याला कळलं नाही. तिला मात्र कळलं.

त्यानंतर दर पंधरवड्याच्या शनिवारी तो येऊ लागला. कधी नारळाची वडी, कधी वाळवलेली कोळंबी.

"रेकॉर्ड ऐकायला आलोय," तो दारातच जाहीर करायचा.

"मग? मला ऐकायला कोण येणार?" ती म्हणायची.

"तुमचं तर विनातिकीट चालूच असतं."

"तुमचं, तुमचं काय सारखं! मी काय बँकेत बसते?"

"बरं... तुझं."

त्या एका 'तुझं'वर नायिबेने पुढचे पंधरा दिवस काढले. किनाऱ्याच्या त्या पट्ट्यात फोन लागत नसे. पावाच्या भट्टीसमोरून जाताना, दुपारी वारा सुटताना, शेजारच्या घरात कुणी उगाच हसलं तरी तिला वाटे, आता तो कुठल्या खाडीत असेल? जेवला असेल? मी जरा तरी... आठवत असेन?

अशात ती स्वस्थ बसली नाही. संग्राहकांच्या ऑनलाइन गटात तिने स्वतःला आणि एलिएसेरला आलेले निरोप शेजारी शेजारी लावले आणि खाली लिहिलं: 'भाचा असो वा भाची, देणाऱ्या-घेणाऱ्यांनी किंमत एकमेकांच्या तोंडून ऐकल्याशिवाय एक पेसोही हलवू नका.' तो बोटवाला आता घरी येऊन आपल्या आईचा आवाज ऐकतो, हेही तिने लिहून टाकलं. दोन दिवसांत सात जण पुढे आले. सातही जणांचे मामा एवेलियोच! पाल्मिरा गावचे एक निवृत्त मास्तर तर पैसे पाठवायच्या बेतात होते, ते वाचले.

आणि तिसऱ्या दिवशी तिला निरोप आला.

'शहाणी आहेस. पण तुझ्याकडे येतो ना, तो बोटवाला, तो माझाच माणूस. आईची गोष्ट मीच शिकवली त्याला. बापाचं रेकॉर्डींचं कपाट सांभाळ.'

नायिबेने निरोप पुसला. पण मनातून कसा पुसणार? हसू तर कुणीही ओळखल्यासारखं करू शकतं. आवाज कळत नाही म्हणाला, मग अचानक कळला... विचारायचं तर फोन लागत नाही. अकरा दिवस ती एका क्षणी त्याच्यासाठी झुरे, दुसऱ्या क्षणी स्वतःलाच मूर्ख म्हणे. एकदा तिने कपाटाला कुलूप लावलं. तासाभराने काढलं. मग खूप रडली.

शनिवारी तो आला. हात रिकामे. दारातच थांबला. नेहमीचं वाक्य बोललाच नाही.

"आत ये," ती म्हणाली. "आधी एक सांगते. मला त्याचा निरोप आला. तू त्याचा माणूस आहेस म्हणे. आणि मी... अर्धा विश्वास ठेवला, एलिएसेर. लाज वाटते, पण ठेवला."

तो आत आला. मग खिशातून फोन काढून तिच्यापुढे धरला.

'ती पोरगी माझी आहे. रेकॉर्ड म्हणजे गळ, आणि तू मासा. पुढच्या खेपेला ती पैसे मागेल.'

"ग्वापीच्या धक्क्यावर थोडा वेळ फोन लागला तेव्हा आला," तो म्हणाला. "आठ दिवस झाले."

"आणि तू... ठेवलास विश्वास?"

"इंजिनाशेजारी माणूस एकटा असतो. काय काय येतं डोक्यात."

"तरी आलास?"

"आलो." त्याने मान खाली घातली. "म्हटलं, फसायचंच असेल तर... तिच्याकडूनच फसू. ती दारात दिसली नाही, तर ते सोसायचं नाही मला."

नायिबे हसली, आणि हसता हसता डोळे भरून आले. "गाढव आहेस."

"दोघंही," तो म्हणाला, आणि या वेळी तिचा हात त्याने अगदी कळून-सवरून धरला.

त्या दिवशी गाणं लावायचं राहूनच गेलं.

एवेलियोचं खातं बंद पडलं. आठवड्याभराने तोच माणूस 'ओतोनिएलमामा' होऊन उगवला. गटातल्यांनी त्याला तिसऱ्या वाक्यातच ओळखलं. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली, शिक्का मारला. पैसे काही परत आले नाहीत.

पुढे एका सोमवारी नायिबे पहिल्यांदाच त्याच्यासोबत घाट उतरून बुएनाव्हेंतुराला गेली. भरती चढत होती. धक्क्यावर तांदळाची पोती, कोंबड्यांच्या पाट्या, डिझेलचा वास, आरडाओरडा. तो बोटीवर चढला, पुन्हा उतरला, तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटला, आणि कप्तानाची शिवी ऐकून पळत परत चढला.

बोट करड्या पाण्यात लहान लहान होत गेली. नायिबेचा हात खाली आलाच नाही.

शेजारी तळलेले मासे विकणाऱ्या बाईने विचारलं, "नवरा का गं?"

"अजून नाही," नायिबे म्हणाली. मग बोट वळणाआड जाईपर्यंत थांबली, आणि डोळे पुसत म्हणाली, "सतरा तारखेला."