तांबड्या कालवडीचे काळे केस

बारामतीच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर शोधता शोधता बिरू चुकून तपासणीच्या खोलीत शिरला. सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या रोहिणीनं मान वर केली. दारात उंच तरुण, दाव्याला तांबडी कालवड. तिच्या डोळ्याभोवती पांढरट गोल चट्टे... आणि त्याच्या मनगटावर तसाच एक!

"गजकर्ण. बुरशी असते. हिच्याकडूनच आलंय तुम्हाला."

"एका ताटात जेवत न्हाय आमी, मॅडम."

नुकतीच बी.एस्सी. झालेली रोहिणी कामाच्या वेळी हसत नसे. त्या दिवशी हसली.

डॉक्टरांनी कालवडीला मलम दिलं, बिरूला माणसांच्या दवाखान्यात धाडलं. मग दर गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, तो आपल्या निरवांगी गावाहून कालवडीच्या केसांची पुडी तपासायला घेऊन येई आणि उगाच रेंगाळे. दीड महिन्यात दोघांचेही चट्टे गेले. "आता नमुना नको," रोहिणी म्हणाली, आणि तिचं तिलाच वाईट वाटलं.

पुढच्या गुरुवारी तो पुन्हा हजर. "परत उठलंय..."

तिनं पुडी उघडली. काळे, कुरळे केस. तांबड्या कालवडीचे?

"ही लोकर आहे, बिरू."

त्याचे कान लाल झाले. "आजीच्या घोंगडीची. मेंढरं गेली, तेवढीच राहिली. कालवड बरी झाली, मग मी कोणत्या तोंडानं यायचं हितं—" वाक्य अर्धं टाकून तो निघून गेला.

सवयीनं तिनं ती लोकरही, बुरशी उगवते का पाहायला, काचेच्या बशीत ठेवली. तीन गुरुवार गेले. बिरू आला नाही. बशीत मात्र पांढरी बुरशी उगवली. तीच! सांगितलं नाही, तर दोघांना पुन्हा चट्टे उठणार.

रोहिणीनं निरवांगीची एसटी धरली.

गोठ्यात तिला पाहून बिरूच्या हातातली वैरण सांडली.

"तुमची खोटी पुडी खरी निघाली. ती घोंगडी पांघरतं कोण?"

"थंडीत कालवडीवर घालतो. पहाटे... मी घेतो."

"ताट नाही, पण पांघरूण एकच की!"

दोघंही हसली. घोंगडी औषधाच्या पाण्यात बुडवून कडक उन्हात वाळवायची, कालवड अंग घासते तो खुंटाही धुवायचा, असं तिनं नीट समजावलं.

"आणि नमुना आणायचा नाही."

त्याचा चेहरा पडला. "न्हाय आणणार, मॅडम."

"रोहिणी म्हणा." ती कालवडीकडे बघत म्हणाली, "गुरुवारी या... नुसतेच."