सांडूबाबांची बंडी

सासरे गेले आणि चंद्रीनं दूध देणं बंद केलं. चंद्री म्हणजे म्हैस. आमच्या सासरी माणसाच्या आधी म्हशीचं दुखणं सांगतात, म्हणून मीही तिच्यापासूनच सुरुवात करते.

गाव कन्नडच्या पुढं, घाटाकडं. सासऱ्यांना, सांडूबाबांना, अख्खं गाव मानायचं. त्यांच्या दुधात पाणी कुणी पाहिलं नाही आणि त्यांच्या तोंडून शिवी कुणी ऐकली नाही. मी शहरात, उस्मानपुऱ्यात वाढलेली, शाळेत विज्ञान शिकवणारी. डोक्यावर पदर घेणार नाही, असं लग्नातच सांगून टाकलं होतं. तरी बाबा आले की माझा हात आपोआप वर जायचा. माणूसच तसा होता. स्वतःच्या घरात शिरतानाही उंबऱ्याबाहेर थांबायचे, खाकरायचे, दुधाची किटली दगडावर टेकवायचे, मगच आत. नजर जमिनीवर. आम्ही गावी गेलो की रोज सकाळी एकच प्रश्न, "सूनबाई, अभय उठला का?" अभय, माझा नवरा, उशिरापर्यंत लोळणारा. बाबांना ते ठाऊक होतं, तरी विचारायचे.

तेरावं झालं की आम्ही परतणार होतो. अभयची कंपनीतली रजा संपत आली होती. पण चंद्रीची कास दगडासारखी झालेली, कुणाला हात लावू देईना. डॉक्टरांनी इंजेक्शन टोचून पाहिलं, तरी पान्हा सोडेना. अशी म्हैस विकत तरी कोण घेणार?

"तिला त्यांचा वास पायजे," सासूबाई म्हणाल्या आणि ट्रंकेतून बाबांची बंडी काढली. गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवत नाहीत, बाकीचे सगळे देऊन झाले होते. ही एक त्यांनी दडवली होती. "अभय, घाल. म्हशीला काय कळतंय?"

मला त्यात वावगं वाटलं नाही. जनावर वासानं माणूस ओळखतं, यात भुताटकी कसली? अभय बंडी घालून खाली बसला आणि चंद्रीनं पान्हा सोडला. मी तर टाळ्या वाजवल्या, मूर्खासारख्या.

मग एकेक सुरू झालं. ज्याला धड धार काढता येत नव्हती, तो बादलीत फेस आणायला लागला. जेवायला एक गुडघा उभा करून बसू लागला. झोपायला ओसरीवर, बाबांच्या बाजेवर. "हे काय नाटक आहे?" म्हटलं, तर म्हणे, "गोठ्याकडं ध्यान राहतं." कंपनीचे फोन यायचे, मोबाइल कोनाड्यात वाजत पडायचा. मी हातात दिला तर उलटासुलटा करून बघायचा.

"अरे, नोकरी जाईल तुझी! शहरातलं घर, माझी शाळा, सगळं काय आता चंद्री सांभाळणार आहे?"

तो नुसता हसला. जमिनीकडं बघून.

एका दुपारी मी त्याचा हात धरला, भांडायलाच. अंगठ्याच्या सांध्यावर घट्टा होता. बाबा अंगठा मुडपून धार काढायचे, त्यांना जन्मभरात पडला होता तसाच, पिवळा, मधल्या चिरेसकट. थोड्या दिवसांच्या कामानं फोड येतो, असला घट्टा येत नाही. मी हात सोडून दिला.

सासूबाई ज्वारी निवडत होत्या. त्यांना सांगितलं.

"लई राबत्यात गं," त्या म्हणाल्या.

"कोण?"

त्या निवडत राहिल्या.

डोकंच फिरलं माझं. दुसऱ्या दिवशी दारात भांडेवाली आली. मी दोरीवरची बंडी ओढली आणि टाकली तिच्या टोपल्यात. बदल्यात स्टीलची एक वाटी मिळाली. अभयला सांगितलं, "बंडी गेली. उद्या सकाळी आपण घरी जातोय. म्हशीचं काय ते शेजारचे पुंडलिक भाऊजी बघतील. बास झालं आता."

"बरं," तो म्हणाला आणि त्या रात्री ओसरी सोडून आत, माझ्याशेजारी येऊन झोपला. पहिल्यासारखा घोरलासुद्धा. मला इतकं बरं वाटलं की रडू आलं.

सकाळी उठले तर तो शेजारी नव्हता. अंघोळीला गेला असेल, म्हटलं. पंजाबी ड्रेस घातला, बॅग भरली, चहा टाकला.

गोठ्यातून धारेचा आवाज येत होता. बंडीशिवाय.

मग आवाज थांबला.

उंबऱ्याबाहेर कुणीतरी खाकरलं. किटली दगडावर टेकली.

माझा हात वर गेला. ओढणी डोक्यावर आली, तेव्हा मला कळलं.

दारात अभय उभा होता. अंगात त्याचाच, कंपनीचा निळा शर्ट. नजर जमिनीवर.

"सूनबाई, अभय उठला का?"

आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, अगदी नेहमीचा.

"निजू द्या हो त्याला. दमलंय लेकरू."